फॅट कमी लागली

मला मोजायची खोड आहे. घरचे म्हणतात, ही बाई लग्नाच्या पंगतीत जेवायचं सोडून किती पानं उठली ते मोजत बसेल. बसतेच मी. या खोडीपायीच केज तालुक्यातल्या आमच्या गावानं मला दूध संस्थेची सचिव केलं, आणि या खोडीपायीच एका म्हातारीच्या जिवाशी मी नको तो खेळ करून बसले.

संस्था म्हणजे एक पत्र्याची खोली, एक टेबल, एक वजनकाटा आणि फॅट काढायचं यंत्र. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहायचे. मी दुधात लॅक्टोमीटर सोडून डिग्री बघायचे, नमुना काढून फॅट बघायचे आणि वहीत टाकायचे. दुधाचा भाव फॅटवर. त्यामुळं माझ्या तोंडून 'फॅट कमी लागली' एवढे शब्द निघाले की समोरचा माणूस आधी माझ्याकडं बघायचा, मग यंत्राकडं, मग आपल्या किटलीकडं. 'मी काय पानी घालतो व्हय?' हे त्याचं पुढचं वाक्य ठरलेलं असायचं. गावात कुणाला चोर म्हटलेलं एक वेळ चाललं असतं, पण चारचौघांत फॅट कमी लागलेली कुणाला खपत नव्हती. मी मात्र आकडा वाचून मोकळी व्हायचे. आकडा काय माझ्या बापाचा होता?

ते दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष. टँकर आला तर पाणी, नाही तर नाही. दिवाळी झाली आणि ऊसतोडीचे ट्रक गावात लागले. नवरा-बायकोच्या जोड्या कोयते, भांडी आणि बाजली घेऊन खालच्या मुलखातल्या साखर कारखान्यांकडं निघून गेल्या. मागं उरली म्हातारी माणसं आणि त्यांच्या राखणीतली घरं. ज्यांची जनावरं होती त्यांनी ती चारा छावणीत नेऊन बांधली. आमच्या संस्थेचे कॅन तळाला खडखडायला लागले.

ज्या थोड्या लोकांनी जनावर दारातच ठेवलं होतं, त्यांत आक्का होत्या. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं, त्यांच्याहून मोठेसुद्धा. सत्तरी ओलांडलेल्या, काटक, तोंडानं तिखट. दारात एक संकरित गाय. मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेली. गावात तेव्हा दोनच फोन होते, त्यातला एक आमच्या संस्थेत. आक्कांचा मुलगा दर बाजारच्या दिवशी तिकडच्या दुकानातून फोन लावायचा आणि एकच विचारायचा, "बाई, आई कशी हाय? काय कमीजास्त वाटलं तर सांगा. मी हंगाम टाकून येतो." हंगाम मधेच टाकून येणं सोपं नसतं, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. पण तो आला असता. म्हणूनच मी जे सांगेन त्याला वजन होतं.

त्या थंडीत जिल्ह्याकडून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना गावातली साठीच्या पुढची सगळी माणसं तपासायची होती. त्यासाठी सपाट फरशी, काटा आणि लिहिणारं माणूस पाहिजे होतं. तिन्ही गोष्टी संस्थेत होत्या.

"अशा वर्षांत म्हातारी माणसं कशानं जातात, सांगा बरं," पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं.

"तापानं जातात. खोकल्यानं. पडून मोडून घेतात."

"ते सगळ्यात शेवटी. त्याच्या आधी काय जातं?"

मी कान टवकारले. असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. बाईंचं म्हणणं असं की शरीर एकदम जात नाही, आधी सांगून ठेवतं. दंड बारीक होतो, पोटरी उतरते, मुठीतला जोर कमी होतो, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो, रक्तातलं एक प्रथिन खाली येतं. या खुणा वेळेवर वाचल्या तर कोण उन्हाळा काढील आणि कोणाला आत्ताच हात द्यायला पाहिजे, ते कळू शकतं. मी बारा वर्षं दुधातलं न दिसणारं मोजत होते. माणसातलंही असं मोजता येतं म्हटल्यावर मला दुसरं काही सुचेना.

पुढचे चार दिवस खोलीत नुसती जत्रा. एका आजोबांनी काट्यावर चढायच्या आधी पटका सोडून ठेवला. म्हणाले, "फेट्याचं वजन माज्या नावावर नगं." दुसऱ्या एकांनी चहा घ्यायच्या आधीच मोजा म्हणून हट्ट धरला. पाठीतून वाकलेल्या माणसाची उंची गुडघ्यापासून टाचेपर्यंतच्या मापावरून काढता येते, हे मला तिथंच समजलं. घरी जाऊन मी सासऱ्यांच्या गुडघ्याला टेप लावली तेव्हा ते म्हणाले, "आता तिरडीचं बी माप घिऊन टाक."

छापील कागदावर एक प्रश्न होता, दिवसातून किती वेळा जेवता? सगळ्यांचं उत्तर एकच. "दोन येळा. कावून?" त्या 'कावून'मध्ये धार असायची. एक वेळ म्हटलं तर सुनेची बदनामी. बाई प्रत्येकापुढं दोनाचा आकडा लिहीत गेल्या आणि मी गप्प राहिले.

आक्का आल्या त्या तोऱ्यातच. मुठीचा जोर मोजायचं एक यंत्र होतं, हातात धरून आवळायचं. आक्कांनी आवळलं आणि काटा गावातल्या भल्याभल्या गड्यांच्या पुढं गेला. बाई चकित झाल्या.

"साठ वर्सं धारा काढतीय मी," आक्का म्हणाल्या. "मूठ सुटंल व्हय माजी?"

मग बाईंनी त्यांना त्यांच्याच दोन्ही हातांच्या बोटांचं कडं स्वतःच्या पोटरीभोवती करायला लावलं. धडधाकट माणसाचं ते कडं जुळत नाही, पोटरी मधे येते. आक्कांचं जुळलं, वर आत दोन बोटं जातील एवढी जागा उरली. बाईंनी पुन्हा मुठीच्या आकड्याकडं बघितलं, मग पोटरीकडं. मूठ एक सांगत होती आणि पोटरी दुसरंच.

"मी पोटरीवर विश्वास ठेवीन," बाई हळूच मला म्हणाल्या. "चरबी आणि स्नायू दोन्ही झिजलेत. यांना आत्तापासून नीट खायला पाहिजे. तुम्ही त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा." आणि त्या पुढच्या माणसाकडं वळल्या.

त्यांच्या भाषेत! मला तेवढंच पाहिजे होतं. अशा लोकांसाठी शेंगदाणे, गूळ आणि डाळं आलं होतं. त्याच्या पुड्या मी आदल्या दिवशी बांधून ठेवल्या होत्या. वेगळ्या पिशव्या कुठून आणायच्या, म्हणून संस्थेच्याच कागदी पिशव्या वापरल्या. आम्ही जनावरांची खनिज पावडर विकायचो, त्या. त्यातली एक मी आक्कांच्या हातात ठेवली आणि रांगेसमोर, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आक्का, तुमची फॅट लई कमी लागली. वाढवा आता. ह्ये रोज दोन टाइम द्यायचं... म्हंजी घ्यायचं. आठवड्याला नवी पिशवी न्या. महिन्यानं परत बघू."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं, मग काट्याकडं, मग हातातल्या पिशवीकडं. एरवी जिचं तोंड मिटत नाही ती बाई गप्प का झाली, हे मी स्वतःला विचारायला पाहिजे होतं. मी पुढचं नाव पुकारलं.

पंधरा दिवसांत आक्कांच्या गायीचं दूध सुधारलं. गावभर दूध पातळ होत चाललेलं, आणि ह्यांची फॅट चढलेली, वर अर्धा लिटर जास्तच. मी दोनदा नमुना तपासला. यंत्र ठीक होतं. मला नवल वाटलं आणि मी ते मोठ्यानं बोलूनही दाखवलं. "आक्कांकडून शिका जरा!" मी रांगेला सुनावलं. आक्कांची मान ताठ झाली. "मी पानी घालीत न्हाई," त्या म्हणाल्या, मागच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात. मी हसले. कशाला म्हणाल्या ते कळलं नव्हतं, तरी हसले.

महिना झाला. त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंना दुसऱ्या गावी जावं लागलं, म्हणून मोजणी मी एकटीनं केली. बहुतेकांचं वजन तिथंच होतं, काहींचं उतरलेलं. आक्का काट्यावर चढल्या आणि काटा जवळजवळ दोन किलोंनी पुढं गेला. चेहराही गोल दिसत होता, डोळ्यांखालच्या खाचा भरलेल्या. "आक्का, अंग धरलं की तुमी!" मी म्हणाले. मला इतका आनंद झाला की तो आकडा मी वहीत लाल पेनानं लिहिला.

त्याच दिवशी मुलाचा फोन आला. आवाज पडलेला होता. "बाई, दोन दिस झाले, आई डोळ्यासमोरनं हालंना. जीव लागत न्हाई कामात. येऊ का?"

"कशाला येता?" मी म्हणाले. "दोन किलो वजन वाढलंय त्यांचं. गाल वर आलेत. तुमी गेल्यावर म्हातारी खुशीत हाय."

तो पलीकडं मोकळा हसला. "मग ऱ्हातो," म्हणाला. फोन ठेवल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं. एका माणसाचा हंगाम मी वाचवला होता, तोही नुसत्या आकड्यावर.

चार-पाच दिवसांनी आक्का दूध घालायला अनवाणी आल्या. माघ सरत आलेला, सकाळची जमीन अजून गार. चप्पल कुठं गेली विचारलं तर म्हणाल्या, "बसंना झालीय पायात." किटली ठेवून निघाल्याही. मी फॅट बघत होते, पण डोक्यात चप्पल अडकली. सत्तरीनंतर माणसाचा पाय वाढतो? दंड, पोटरी, गुडघा सगळं मोजलं, पाय तेवढा राहिला होता. त्यांच्या काळजीपोटी नाही, खरं सांगायचं तर निव्वळ चौकशीखातर मी त्यांना परत बोलावलं, पोत्यावर बसवलं आणि लुगडं जरा वर सारून नडगीवर अंगठा दाबला. भिजवलेल्या कणकेत रुतावा तसा तो रुतला. काढला तर खळगा तसाच. मी सवयीनं मोजायला लागले. वीसपर्यंत मोजलं, खळगा हलला नाही. अंग धरल्याची ही खूण नव्हती.

दूध तसंच रांगेत ठेवून मी आक्कांना घेऊन त्यांच्या घरी गेले. चूल गार होती. तवा खुंटीला, त्याच्यावर बोट फिरवलं तर धूळ. बाहेर गायीच्या पुढ्यातल्या टोपल्यात शेंगदाण्याची सालं आणि गुळाचा वास. माझ्या पिशव्या घडी घालून कोनाड्यात नीट ठेवलेल्या. तेव्हा पहिल्यांदा मी त्या पिशवीकडं दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितलं. दोन्ही बाजूंना गायीचं चित्र होतं.

"आक्का, ह्ये गायीला कावून घातलं?"

"तूच म्हनलीस न्हवं? फॅट लई कमी लागली, वाढवा म्हनून. चार मानसात म्हनलीस. साठ वर्सांत माज्या दुधाला कुनी नाव ठिवलं न्हवतं. मला रातभर डोळा लागला न्हाई. मग तिला शेंगदानं घातलं, माजी जवारी बी भरडून घातली. चढली का न्हाई फॅट?"

"चढली," मी म्हणाले. "आन् तुमी काय खाता?"

"च्या पिती की. कदी भाकर असती शेजारची."

"चूल तर पेटल्याली दिसत न्हाई."

"एकटीसाटी कुटं तवा तापवायचा, बाई?"

मला माझीच लाज वाटली. नुसती वाटली असं नाही, तिथंच दाराला टेकून मी रडले. एक शब्द मी इकडचा उचलून तिकडं वापरला होता, आपण किती हुशार म्हणून. ती माझ्यापुढं महिनाभर सुकत होती आणि मी तिचे दोन्ही आकडे चढलेले बघून खूश होते.

दुधाच्या टेम्पोतून, कॅनच्या मधे गोधडी टाकून आम्ही त्यांना तालुक्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई निरोप मिळताच आल्या. वाढलेले दोन किलो म्हणजे सगळं पाणी, त्या म्हणाल्या. रक्तातलं ते प्रथिन फार खाली गेलं की पाणी रक्तात टिकत नाही, अंगात झिरपतं. मांस उतरत असतं आणि वजन चढत असतं. त्या मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"या उन्हाळा काढतील ना?" मी विचारलं.

"या वयात इथवर आल्यावर सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "आता वजन उतरायला पाहिजे. उतरलं तर आशा आहे."

मग मी दवाखान्यात रोज सकाळी काट्याजवळ उभी राहायला लागले, आणि जन्मात पहिल्यांदा आकडा खाली यावा म्हणून देवाला साकडं घातलं. पहिले दोन दिवस तो हललाच नाही. तिसऱ्या दिवशी पाव किलो खाली आला आणि मी नर्सचा हात धरला. पाणी ओसरत गेलं तशा खऱ्या आक्का दिसायला लागल्या. त्या इतक्या लहान होत्या की मला बघवेना.

आक्कांना दवाखान्यात नेलं त्याच दिवशी मी कारखान्याजवळच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला होता. मुलगा आणि सून दोन दिवसांनी पोचली, मांजरसुंब्याच्या फाट्यावरून मिळेल त्या गाडीनं. दोघांचे हात उसाच्या पाचटानं ओरबाडलेले. मुलगा खाटेजवळ उभा राहिला, आईच्या पायांकडं बघत. मग माझ्याकडं वळला. "तुमी तर म्हनलात, वजन वाढलंय."

मी तोंड उघडायच्या आत आक्काच बोलल्या. "आरं, मीच खायाचा कटाळा केला. हिचा काय दोस न्हाई."

मला गप्प बसता आलं असतं. आक्कांनी वाट करून दिली होती आणि पुन्हा कुणी विचारलंही नसतं. पण तो माणूस माझ्या शब्दावर तिकडं थांबला होता. मी सगळं सांगितलं. फॅट, पिशवी, गायीचं चित्र, लाल पेन, आणि त्याला येऊ नका म्हटलं ते. सून पदरानं डोळे पुसत होती. तो खाली बघत ऐकत होता. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या.

"तुमचं चुकलं," तो शेवटी म्हणाला. "पर तुमी हितं तर व्हता. आमी कुटं व्हतो?"

आक्कांनी तो उन्हाळा काढला. कसा, ते मला अजून पुरतं सांगता येत नाही. औषध होतं, अंडी होती, डाळीचं वरण होतं. पण ते सगळं समोर असतानाही त्या एकट्या असल्या की चार घास घेऊन ताट सारायच्या, आणि कुणी शेजारी बसून खायला लागलं की भाकरी संपवायच्या. हे मी पुन्हा पुन्हा बघितलं, मोजलंही. डॉक्टरीणबाईंना सांगितल्यावर त्यांनी आपल्या छापील कागदाखाली पेनानं एक ओळ वाढवली, कुणाबरोबर जेवता? तो प्रश्न घेऊन मी पुन्हा घरोघर फिरले. ज्यांनी 'दोन येळा' म्हणून मला उडवून लावलं होतं त्यांना या प्रश्नात सुनेची बदनामी दिसली नसावी, कारण आता ते थांबून विचार करायचे. एक आजोबा म्हणाले, "कुनासंगं म्हंजी? भिताडासंगं." ते मी जसंच्या तसं लिहून दिलं.

पुढचा पाऊस बेताचाच झाला. दिवाळी उलटली आणि ट्रक पुन्हा लागले. आक्कांच्या मुलाला जाणं भागच होतं. निघायच्या सकाळी तो आईला धरून संस्थेत घेऊन आला आणि रांग बाजूला करून त्यांना काट्यावर उभं केलं.

"लिवा," मला म्हणाला. "मी यीन तवा एवढी तरी असू द्या."

"आरं, मी काय किटली हाय व्हय, मापून घालायला?" आक्का म्हणाल्या. रांगेतले लोक हसले. मला हसू आलं नाही. मी आकडा लिहिला आणि 'बरं' म्हणाले. आईचे पाय अंगठ्यानं दाबून त्यानं स्वतः एकदा बघितलं, मग पाया पडला आणि गेला.

ट्रक वळणाआड जाईपर्यंत आक्का संस्थेच्या दारात उभ्या होत्या. माझी रांग खोळंबली होती, पण मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. साठ वर्षं कुणाकडं काही मागितलं नव्हतं त्या बाईनं. त्यांनी माझं मनगट धरलं. मूठ तशीच घट्ट होती.

"दूध झालं की घरी ये," त्या म्हणाल्या. "मला आज एकटीला जेवाय लावू नगं."